वाकडे गज

“अगं, हे कुंपणाचे गज कुणी वाकवले?”

सकाळी साडेसहाला भिंतीपलीकडून असा प्रश्न आला की आमच्याकडे चहा उतू जातो. आमच्या आणि माईंच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावर लोखंडी गज, आणि एका टोकाला मधुमालतीचं असं रान माजलंय की तिथे गज आहेत की नाहीत हे गेल्या आठ वर्षांत कुणी पाहिलेलं नाही. ही भिंत म्हणजे आमचं आकाशवाणी केंद्र. शेवग्याच्या शेंगा, वाटीभर विरजण, सोसायटीच्या सेक्रेटरीची निंदा, सगळं त्या गजांमधूनच इकडचं तिकडे होतं. म्हणून मी गाळणं हातात तसंच घेऊन बाहेर आले.

गज ओळंब्याने लावल्यासारखे सरळ.

“कुठे वाकलेत, माई?”

“हे काय, मधले. पोटं सुटल्यासारखे झालेत मेले. तुझ्या दूधवाल्यानं गाडी घातली असणार.”

दूधवाल्यावर माईंचा जुना राग. तो आमच्याकडे आधी येतो आणि त्यांच्याकडे नंतर, आणि नंतर येतं ते दूध पातळ असतं असा त्यांचा सिद्धान्त आहे. मी त्याची बाजू घ्यायला तोंड उघडणार, एवढ्यात माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. डाव्या डोळ्यात कचरा गेला होता, म्हणून पदराचा बोळा करून, फुंकर घालून त्या तो डोळा शेकत उभ्या होत्या. म्हणजे गज बघत होता तो एकटा उजवा डोळा.

“माई, पदर काढा बरं जरा. आता?”

“आता सरळ दिसतायत. अगंबाई!”

“आता उजवा झाका. आता परत डावा झाका.”

माईंनी तीनदा डोळे झाकले-उघडले. चौथ्यांदा त्यांचा हात जरा हळूच वर गेला. “डावा झाकला की वाकतात गं,” त्या म्हणाल्या, आणि दूधवाला सुटला.

मला हे कळलं ते काही माझ्या हुशारीने नव्हे. माझ्या सासऱ्यांना तीन वर्षं डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे मीच ने-आण करत होते. त्या काळात आमच्या फ्रिजवर भाजीच्या यादीशेजारी एक चौकड्यांचा कागद चुंबकाने चिकटवलेला असायचा. गणिताच्या वहीसारखे चौकोन, मधोमध काळा ठिपका. एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधला तुकडा पुसल्यासारखा वाटला की फोन करायचा. मार्क आम्सलर नावाच्या स्विस डॉक्टरने ही युक्ती काढली, म्हणून त्या कागदाला त्याचं नाव आहे. फरशीच्या फटी, दाराची चौकट, कुंपणाचे गज, सरळ रेघ असलेलं काहीही चालतं. एक डोळा मात्र झाकायलाच हवा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याची लाज झाकतो, घरातल्या कर्त्या भावाने उनाड भावाची झाकावी तशी. कित्येकांचा एक डोळा निम्मा जातो आणि त्यांना पत्ताही नसतो.

“पण दोनच महिन्यांपूर्वी नवा चष्मा केला ना मी!” माईंचा खरा घाव हा होता. “त्या पोरानं कॉम्प्युटरवर डोळे तपासले. कॉम्प्युटरवर! अठ्ठावीसशे रुपये घेतले.”

“थेंब घातले होते का?”

“थेंब कशाला? चष्माच तर करायचा होता.”

इथेच सगळी गोम आहे. चष्म्याचा नंबर म्हणजे खिडकीच्या काचेची चौकशी. पडदा असतो पार मागे, कॅमेऱ्यातल्या फिल्मच्या जागी, आणि तो बघायचा तर थेंब घालून बाहुली मोठी करून आत डोकवावं लागतं. माईंना मधुमेह अठरा वर्षांचा. रक्त वर्षातून चारदा तपासतात, पावलांना तेल लावतात, आणि डोळे? “दिसतंय की!” दिसत असतंच. पडद्याला दुखतही नाही. त्याला दुखण्याच्या नसाच नाहीत. दाढ ठणकते म्हणून माणूस मध्यरात्री डॉक्टरांना उठवतो, आणि पडदा बापडा निमूटपणे पाझरत राहतो. २०२३ साली आयसीएमआरचा मोठा अभ्यास आला, त्यात देशात मधुमेहाची माणसं दहा कोटींच्या वर निघाली. त्यातल्या किती जणांनी गेल्या वर्षभरात डोळ्यात थेंब घालून घेतले, हे आपापल्या गल्लीत विचारून बघा. आमच्या गल्लीत मी विचारलं. माईंचे यजमान अण्णा धरून सात जण मधुमेहाचे, हात एकाचाच वर, आणि तोही, नंतर कळलं, मोतीबिंदूसाठी गेला होता.

तर दुसऱ्या दिवशी मी माईंना घेऊन निघाले.

पडद्याच्या दवाखान्यात पहिला प्रश्न डोळ्याबद्दल नसतो. “सोबत कोण आहे?” हा असतो. थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचं काही दिसत नाही, उन्हात बाहेर पडलं की सगळं जग ट्यूबलाइटमध्ये बुडवून काढल्यासारखं होतं, गाडी चालवायची सोय नसते. मग फाइल लागते. मग एक मुलगी हातात दोन बाटल्या घेऊन रांगेने फिरते. “आजी, वर बघा. मिटा. चोळू नका.” दहा मिनिटांनी पुन्हा येते, विजेरी मारते, “अजून नाही झालं” म्हणते आणि पुन्हा थेंब. मधुमेह जुना झाला की बाहुलीही हट्टी होते, लवकर उघडत नाही. माईंना चार वेळा थेंब पडले. “देवघरातल्या अभिषेकपात्राखाली बसवलंय मला,” त्या म्हणाल्या.

आणि मग त्या हॉलमध्ये एक गंमत होते. मोबाइल बंद पडतात. म्हणजे मोबाइल चालू असतात, माणसं बंद पडतात. अक्षरं दिसेनाशी होतात. पहिली पाच मिनिटं लोक फोन लांब धरून बघतात, जवळ धरून बघतात, मग खिशात टाकतात. चाळीस माणसं, डोळे मिटून, हात मांडीवर, आणि करायला काही नाही. मग कुणीतरी म्हणतं, “आपण कुठले?” बस. पुण्यात अनोळखी माणसं एकमेकांशी आपणहून बोलतात अशी जागा आता हीच उरली आहे, असं माझं ठाम मत आहे. आमच्या भिंतीसारखीच, फक्त गज नाहीत.

तिथल्या गप्पांना स्वतःचे रिवाज आहेत. आडनावाआधी आकडा सांगतात. “माझी तीन महिन्यांची साखर साडेनऊ.” “माझी आठ पॉइंट दोन, पण गणपतीत वाढली.” (गणपतीत सगळ्यांचीच वाढते. मोदक नैवेद्यापुरताच खाल्ला, असं म्हणणाऱ्या सहा जणी मी एका सकाळी मोजल्या.) ओसीटी, म्हणजे पडद्याच्या छेदाचं चित्र, काढून आलेल्यांचा वेगळा मान. “माझी सूज चारशे साठ. तुमची?” आणि पलीकडची बाई खालच्या आवाजात “तीनशे दहा” म्हणते, परीक्षेत कमी मार्क पडल्यासारखी.

ज्ञानही तिथेच वाटलं जातं, खरं आणि खोटं एकाच पातेल्यातून. एक काका सांगत होते की डोळ्यात मध घातल्याने त्यांच्या मेव्हण्याचा पडदा सुधारला. मेव्हणे कुठे आहेत विचारलं तर म्हणाले, “आत. लेझरला.”

लेझरबद्दल तर फारच. “लेझर मारलं की नजर जाते,” असं एक बाई छातीठोकपणे सांगत होत्या. त्यांच्या सासूची गेली होती. नीट विचारल्यावर कळलं की सासूबाई लेझरला आल्या त्याच मुळी आतलं रक्त फुटल्यावर. लेझर म्हणजे डाग देणंच आहे, त्यात आडपडदा ठेवण्यासारखं काही नाही. पडद्याच्या कडेकडेला शेकडो बारीक डाग देतात. त्याने बाजूची नजर आणि रात्रीची नजर थोडी उणी होते. मधली वाचावी म्हणून कडेचा सौदा. डाग देण्याची ही कल्पना आली ती ग्रहणातून. जर्मनीत १९४५ च्या जुलैमध्ये सूर्यग्रहण झालं, आणि ते उघड्या डोळ्यांनी बघितलेल्यांचे पडदे भाजले. मायर-श्विकेराथ नावाच्या डॉक्टरला असा एक विद्यार्थी तपासताना वाटलं, ऊन जर पडदा डागू शकतं, तर नेमक्या जागी, नेमका डाग आपणच का देऊ नये? सुरुवातीला त्याने खरोखरच आरशांनी सूर्यप्रकाश डोळ्यात सोडून उपचार केले. ढग आले की दवाखाना बंद! लेझर पुढे आलं. मी ही गोष्ट माईंना सांगितली, तर त्या म्हणाल्या, “म्हणजे आमच्या आजीनं मला ग्रहणात आत कोंडलं ते बरोबरच होतं तर.” यावर काय बोलणार?

ओसीटीच्या खोलीत थंडी फार. हनुवटी टेका, कपाळ लावा, हिरव्या खुणेकडे बघा, पापणी हलवू नका, झालं. सुई नाही, काही नाही, नुसता उजेड. १९९१ साली एमआयटीच्या मंडळींनी हे तंत्र जगापुढे ठेवलं, तोवर पडद्याचा असा उभा छेद जिवंत माणसात दिसतच नसे. आता एक मुलगी दोन मिनिटांत काढते आणि “नेक्स्ट” म्हणते. डॉक्टरांनी स्क्रीनवर चित्र लावलं. निरोगी पडदा मधोमध खोलगट असतो, भाताच्या मुदीत वरणासाठी आळं करावं तसा. माईंचा डावा तसाच होता. उजव्याला आळं नव्हतंच. उलट मधोमध टम्म फुगलेली भाकरी, आणि आत पोकळ्या पोकळ्या, आंबोळीच्या जाळीसारख्या. एरवी अडीचशे मायक्रॉनच्या आसपास असणारी जाडी साडेचारशेवर गेलेली.

“हे पाणी आहे,” डॉक्टर म्हणाले. “साखरेनं बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, ते इथे साठलंय. म्हणून तुम्हाला रेघा वाकड्या दिसतात.”

माई चित्राकडे बघत राहिल्या. खरं तर थेंबांमुळे त्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं. “म्हणजे ओल आलीय भिंतीला,” त्या म्हणाल्या. डॉक्टर हसले, आणि मला वाटतं पुढच्या पेशंटला त्यांनी तेच शब्द वापरले असतील.

डॉक्टरांनी त्यावर डोळ्यात इंजेक्शन सांगितलं, तेव्हा मात्र माईंचा चेहरा उतरला. त्यात हॉलमधल्या कुणीतरी कानात सांगितलं, “ते कॅन्सरचं औषध असतं बरं का.” रिक्षात बसल्यावर माई गप्प. खडकवासल्याच्या बाजूने ढग आले होते, त्यावरही बोलल्या नाहीत. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर एकदम म्हणाल्या, “खरं सांग. मला कॅन्सर आहे ना? अण्णांनी तुला सांगू नको म्हटलंय.”

मग त्या रात्री आम्ही भिंतीपाशी खुर्च्या ओढून बसलो आणि मी सगळं सांगितलं. बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ साली अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या फुटू न देणं हे त्याचं काम. पडद्याच्या दुखण्यातही गुन्हेगार त्याच जातीचा, नको तिथे फुटणाऱ्या आणि झिरपणाऱ्या वाहिन्या. डोळ्यासाठी म्हणून वेगळं बनवलेलं औषध तयार होत होतं, पण बाजारात यायचं होतं. २००५ मध्ये मायामीच्या रोझेनफेल्ड नावाच्या डॉक्टरांनी कॅन्सरच्याच औषधाचा इवलासा थेंब डोळ्यात देऊन पाहिला, आणि सूज उतरली. एका मोठ्या बाटलीतून कितीतरी डोळ्यांचे डोस निघतात म्हणून ते स्वस्त पडतं. डोळ्याकरता मुद्दाम केलेली औषधं त्याच्या कितीतरी पट महाग. स्वस्तातलं वाटून घेताना ते निर्जंतुक राखण्याची काळजी जास्त घ्यावी लागते, एवढी त्याची अट.

“म्हणजे सोन्याचं आणि एक ग्रॅमचं?” माईंनी विचारलं.

“नाही. आंबा तोच, पेटीतला आणि सुटा.” ही उपमा काही अगदी बरोबर नाही, औषधं वेगवेगळी आहेत, पण रात्रीचे दहा वाजले होते.

इंजेक्शनच्या दिवशी मला आत येऊ दिलं नाही. माईंनीच नंतर सांगितलं, आणि त्यांनी ते इतक्या जणींना इतक्यांदा सांगितलंय की मलाही पाठ झालंय. टोपी, गाऊन, बधिर करायचे थेंब. मग डोळ्याभोवती आणि डोळ्यात तपकिरी बीटाडीन; “तेवढंच काय ते चुरचुरलं.” पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा चिमटा. बुबुळाच्या काळ्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मोजून पांढऱ्यावर खूण. “आजी, पायाकडे बघा.” नेमकं त्या वेळी माईंना आठवलं की गॅसवर दूध ठेवून आलोय की काय. “आणि मी विचारणार, तोवर झालंसुद्धा!” औषध केवढं, तर एका मिलिलिटरचा विसावा भाग. दिवसभर नजरेच्या खालच्या बाजूला एक काळा बुडबुडा डुलत होता. तो दुसऱ्या दिवशी विरला.

“आता पुन्हा नको ना?” हा प्रश्न त्यांनी विचारला, सगळेच विचारतात. दर महिन्याला, निदान सुरुवातीची काही, मग सूज बघून. त्यावर हॉलमधला दुसरा लोकप्रिय सिद्धान्त असा की या इंजेक्शनांची डोळ्याला सवय लागते. सवय लागत नाही. वरच्या मजल्याचा नळ गळतोय तोवर खालच्या छताला कितीही रंग द्या. रंगाची काय चूक? नळ म्हणजे साखर. आणि रक्तदाब. हे मी माईंना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात साखरभाताची वाटी होती. ती त्यांनी गजांमधून माझ्याकडे सरकवली. “तुझ्यासाठीच आणली होती,” म्हणाल्या. चमचा उष्टा होता.

त्या हॉलमध्ये मी एकदाच शांतता पडलेली पाहिली. एक पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी आली, कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी. पुरतं महिन्याचंही नसलेलं बाळ, सातव्या महिन्यात जन्मलेलं, माझ्या तळहाताएवढं तोंड. बाळ वेळेआधी आलं की पडद्यावरच्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचलेल्या नसतात. पुढे त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढून सुटतो. म्हणून चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोच्या आतल्या बाळांचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत बघायचे असा आपल्याकडे दंडक आहे. बाटल्यावाल्या मुलीने त्या डोळ्यांत थेंब घातले. बाळ रडलं, तेही मांजराच्या पिलाएवढं. साखरेचे आकडे सांगणारे सगळे काका-काकू गप्प झाले, आणि माईंनी आपलं टोकन, एकवीस नंबरचं, उठून त्या मुलीला देऊन टाकलं. दीड तास पुढे गेला आमचा. नंतर कळलं की बाळांना टोकन लागतच नाही, आधीच घेतात.

आता जावईबापूंबद्दल. हे मी सांगणार नव्हते, पण माईंनी स्वतःच सगळ्या गल्लीला सांगितलंय.

माईंचे जावई पाचगणीला असतात. मान ताठ. बावीस वर्षांत सासुरवाडीला आले की खुर्चीत बसून पाय पुढे, आणि “चहात साखर कमी आहे.” चष्म्याचा नंबर उणे नऊ. दिवाळीनंतरच्या शुक्रवारी त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं झालं, मग काळ्या माश्या, काजळी उडाल्यासारख्या. गडी पित्त समजून सोलकढी पीत बसला. मंगळवारी खालून काळा पडदा वर चढू लागला तेव्हा मुलीने गाडीत घातलं आणि पुण्याला आणलं. पडदा सुटला होता. डोळ्यातली जेली काढून टाकायची, पडदा बसवायचा, आणि तो चिकटून राहावा म्हणून आत गॅसचा बुडबुडा भरायचा, असं ऑपरेशन झालं. बुडबुडा वरच्या दिशेला जातो. त्याने पडद्याच्या नेमक्या भागावर दाब द्यावा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर तोंड खाली.

आणि घरी जायचं नाही. मनगटावर पट्टी बांधली: विमान नाही, घाट नाही. उंचावर हवेचा दाब कमी झाला की गॅस फुगतो, आणि डोळ्यात फुगायला जागा कुठे असते? पुणे साडेपाचशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास, मध्ये पसरणीचा घाट. गॅस पूर्ण विरेपर्यंत, म्हणजे त्यांच्या बाबतीत सात आठवडे, जावईबापू माईंकडे.

पहिला आठवडा बघण्यासारखा होता. डायनिंग टेबलावर उशी, उशीवर कपाळ. जेवण खालून चमच्याने. क्रिकेट बघायला अण्णांनी जमिनीवर आरसा कलता ठेवून दिला, त्यात सगळे डावखुरे झाले. चहा स्ट्रॉने. साखरेबद्दल अवाक्षर नाही. माई भिंतीपाशी येऊन मला म्हणाल्या, “बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे मान खाली आहे गं,” आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, “पण खाली मुंडी घालून झोपतो तेव्हा बारकं पोर दिसतो.” सातव्या आठवड्यात बुडबुडा मोहरीएवढा झाला आणि एका सकाळी नाहीसा. जावईबापू पाचगणीला गेले. जाताना वाकून नमस्कार केला म्हणे. सवय लागली असेल.

माईंचं तिसरं इंजेक्शन गेल्या महिन्यात झालं. सूज तीनशे वीस. हॉलमध्ये आता त्या हा आकडा न विचारता सांगतात. रोज सकाळी मधुमालतीपासून शेवग्यापर्यंत गज मोजतात, आधी डावा डोळा झाकून, मग उजवा. तीन दिवसांपूर्वी हाक आली.

“सगळे सरळ झाले गं. एक सोडून. तो तिसरा अजून वाकडाच दिसतो.”

माझ्या पोटात गोळा आला. “कुठल्या डोळ्यानं?”

“दोन्हींनी.”

मी चपला घालून भिंतीपाशी गेले. माईंनी परवाच माळ्याकडून मधुमालती छाटून घेतली होती. त्या टोकाचा तिसरा गज चांगला चार बोटं आत गेलेला, आणि त्याच्यावर निळ्या रंगाचा ओरखडा. दूधवाल्याची मोटरसायकल निळी आहे.

“काय म्हणाले होते मी?” माई म्हणाल्या.